घरच्या मत्स्यटाकीचे पाणी: बादलीची उचल कशी वाचवावी?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत आम्ही राहावयास आलो तेव्हा नातवाच्या हट्टापायी कुर्ल्याच्या बाजारातून गोल्डफिशच्या दोन जोड्या आणल्या. काचेची टाकी छत्तीस इंच लांब, पंधरा रुंद, अठरा उंच. दर जुम्याला सकाळी बादल्या उचलता उचलता आमची कंबर धरली. कपड्याचे तागे आयुष्यभर उचलले, पण पाण्याचे वजन निराळेच!

पाणी बदलावे का लागते, तर माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. टाकीतील जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र साठतच राहते. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे घालावे. सगळे एकदम बदलल्यास मासे दगावतात. आमच्या टाकीत चार इंच पाणी म्हणजे सुमारे ३५ लिटर.

आमच्या ओळखीच्या प्लंबरला घेऊन आम्ही साधी सोय केली. पाणी काढण्यासाठी अर्ध्या इंची पाइप टाकीतून थेट बाथरूममध्ये नेला आणि त्या टोकाला कॉक लावला. टाकीच्या आतला तुकडा कडक पीव्हीसीचा, तळापर्यंत जाणारा, म्हणजे घाण ओढली जाते. त्याच तुकड्याला पाण्याच्या पातळीखाली चार इंचांवर एक छिद्र पाडले. पाणी तिथवर उतरले की छिद्रातून हवा शिरते आणि ओढ आपोआप तुटते. पाइप तोंडाने ओढू नये. आतले टोक बादलीत धरून नळाच्या पाण्याने पाइप भरावा, कॉक बंद करावा, टोकावर व छिद्रावर बोट ठेवून ते टाकीत बुडवावे, मग कॉक उघडावा.

नवे पाणी पन्नास लिटरच्या ड्रममध्ये आदल्या दिवशी भरून ठेवतो. खोलीतच राहिल्याने त्याचे तापमान टाकीशी जुळते. सूर्या प्रकल्पाचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते आणि क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. इथे आमचा धंदा कामी आला. कपडा ब्लीच केल्यावर उरलेले क्लोरीन मारायला प्रोसेस हाऊसमध्ये हायपो वापरतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. तोच पांढरा खडा! १०० लिटरला एक ग्रॅम पुरतो. आमच्या ३५ लिटरला चिमूटभर. टँकरचे पाणी आल्यास मात्र आम्ही एकदम चौथा हिस्सा बदलत नाही. बोअरचे पाणी जड असते, म्हणून थोडे थोडे घालतो.

ड्रममधून पाणी वर चढवायला कूलरचा पंप घेतला, प्लास्टिकच्या अंगाचा. इथे आम्ही ठेच खाल्ली. पंपाच्या नळीचे टोक हौसेने टाकीच्या तळाशी सोडले होते. अर्धे पाणी चढले आणि वीज गेली. आम्ही आतल्या खोलीत उधारीच्या वह्या घेऊन बसलेले. पाणी त्याच नळीने उलटे फिरले, ड्रम भरला आणि जमिनीवर वाहू लागला. खालच्या मजल्यावरचे शेजारी दार ठोठावत आले, “काका, नळ चालू राहिला का?” तेव्हा कळले. टाकीत चार बोटे पाणी उरले होते. मासे वाचले, पण कोपऱ्यातली सॅम्पलची गठडी भिजून तांबड्या कपड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला. त्यांच्या छताची रंगसफेदी आमच्या खर्चाने झाली, आणि ते योग्यच होते.

तेव्हापासून नळीचे टोक पाण्याच्या वर, काठाला क्लिपने बांधलेले असते. वीज गेली तरी नळीत हवा शिरते, पाणी मागे येत नाही. पंपाला अर्थिंग हवे, आणि टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

काढलेले पाणीही आम्ही मोरीत सोडत नाही. बाथरूममध्ये बादल्या लावून ते कुंड्यांना घालतो. त्यातील नायट्रेट झाडांना खतच आहे. उरलेले संडासात वापरतो. पाण्याची ओढ असलेल्या या गावात ३५ लिटर काही थोडे नव्हेत.

पंप, पाइप, ड्रम व प्लंबरची मजुरी मिळून आमचा खर्च दोन हजारांच्या आसपास आला. त्या प्लंबरने पुढे आमच्याच इमारतीत आणखी दोन घरी हे काम केले. त्यांतले एक खालच्या शेजाऱ्यांचे. पाइप लावताना ते स्वतः उभे राहिले आणि नळीचे टोक कुठे बांधले, ते आधी पाहून घेतले.