सावकारी, विनापरवाना
परवाना न घेता, अथवा परवान्यातील क्षेत्र व शर्ती सोडून, व्याजाने पैसे देण्याचा व्यवसाय. महाराष्ट्रात तो दंडनीय अपराध आहे.

सावकारीवरील नियंत्रणामागे कर्जापायी जमीन गमावलेल्या कुळांचा इतिहास आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली; त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. ठाणे जिल्ह्यात कर्जाची परतफेड पैशापेक्षा श्रमाने होई. लग्नासाठी काढलेल्या अल्प रकमेपायी नवरा-बायको वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबत. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. या पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये उंबरगाव व डहाणू भागांत वारल्यांचा लढा झाला. वेठबिगार पद्धती १९७६ च्या केंद्रीय कायद्याने नष्ट ठरविली असून, ती लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी १९८० नंतरच्या दशकातही श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले.

मुंबई सावकार अधिनियम, १९४६ याची जागा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली. वैध परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परवाना विशिष्ट क्षेत्रापुरताच असतो. उदा., केवळ अन्य तालुक्याचा परवाना असलेल्या सावकाराने पालघर जिल्ह्यातील कामण (ता. वसई) येथे धंदा मांडल्यास तेथे त्याचा परवाना निरुपयोगी होय. खोट्या नावाने परवाना मिळविणे हाही अपराध आहे. हे अपराध दखलपात्र आहेत. सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक हा या अधिनियमाखाली जिल्हा निबंधक म्हणून काम पाहतो; त्याला दप्तर तपासण्याचे व झडतीचे अधिकार आहेत.

ऋणकोच्या दृष्टीने कारावासापेक्षा दिवाणी परिणाम अधिक मोलाचे ठरतात. परवाना नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा न्यायालय फेटाळते. दामदुपटीचे जुने तत्त्वही कायद्याने राखले असून, व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम वसूल करता येत नाही. जमिनीचा प्रश्न अधिक बिकट असतो. प्रत्यक्षात कर्जाचे तारण, पण कागदोपत्री साधे खरेदीखत, ही सावकाराची नेहमीची युक्ती. पैसे फिटताच जमीन परत करण्याचा वायदा बहुधा तोंडीच राहतो. म्हणून कलम १८ अन्वये, अर्जाच्या किंवा तपासणीच्या तारखेपूर्वीच्या पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात बळकावलेल्या स्थावर मालमत्तेची चौकशी करून, ते खत अवैध ठरविण्याचा व ताबा परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. मात्र व्यवहार कर्जाचाच होता हे सिद्ध व्हावे लागते आणि बहुतेक प्रकरणे तेथेच अडतात. मुंबईलगतच्या जमिनींचे भाव पाहता ५०,००० रुपयांचा दंड नाममात्रच म्हणावा लागेल.

बँका व सहकारी संस्था या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत. बँकेतर वित्तसंस्थांना भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ अन्वये नोंदणी आवश्यक असून, ती न करता व्यवसाय केल्यास एक ते पाच वर्षे कारावास व एक ते पाच लाख रुपये दंड होतो. अशा नोंदणीकृत संस्थांना राज्यांचे सावकारीविषयक कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. भ्रमणध्वनीवरील उपयोजनांद्वारे कर्ज देणाऱ्यांनाही यांपैकी एका चौकटीत बसावे लागते.