स्वीट सिंड्रोम: ताप, दुखरे लाल चट्टे आणि रक्ताची तपासणी

नाव ‘स्वीट’ असले तरी या आजाराचा साखरेशी किंवा मधुमेहाशी संबंध नाही. इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९६४ मध्ये आठ स्त्रियांमधील या आजाराचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो संसर्गजन्यही नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवू नका.

अचानक ताप येतो आणि चेहरा, मान, हात यांवर लाल, उंचवट्यासारखे चट्टे उठतात. ते खाजण्यापेक्षा दुखतात जास्त. काही चट्टे पाणी भरल्यासारखे दिसतात, पण दाबल्यावर टणक लागतात. सांधे दुखणे, डोळे लाल होणे हेही होते. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, म्हणून जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होते आणि फरक पडत नाही. कारण जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पेशी इथे जंतू नसतानाच त्वचेत गर्दी करतात. हे बायोप्सीत दिसते. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्येही ताप आणि दुखऱ्या लाल गाठी येतात, त्यामुळे नुसते पाहून निदान करणे धोक्याचे.

बऱ्याच रुग्णांत हा आजार घशाच्या किंवा पोटाच्या संसर्गानंतर, एखाद्या औषधामुळे किंवा आतड्याच्या दाहाबरोबर येतो. पण साधारण पाचातल्या एका रुग्णात मागे कर्करोग असतो, आणि तो बहुतेक वेळा रक्ताचा: तीव्र मायलॉइड ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा विकार. कधी रक्ताचा आजार कळण्याच्या काही महिने आधीच त्वचा बोलू लागते. म्हणून सीबीसी आणि रक्ताचा स्मिअर करावाच लागतो. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असतील, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. ते अस्थिमज्जेची तपासणी सुचवू शकतात. म्हणजे कर्करोग आहेच असे नाही.

उपचार मात्र समाधान देणारा आहे. प्रेडनिसोलोन सुरू केल्यावर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, चट्टेही हळूहळू विरतात आणि सहसा व्रण राहत नाही. नेमका इथेच घोटाळा होतो. मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइड घेतले की चट्टे दबतात, बायोप्सी फसू शकते आणि मूळ आजार तसाच राहतो. डॉक्टरांनी दिलेला डोसही स्वतःहून एकदम बंद करू नका. स्टिरॉइड चालत नसेल तर कोल्चिसिन किंवा डॅप्सोन देतात. डॅप्सोनपूर्वी जी-सिक्स-पी-डी ही रक्तचाचणी करून घ्यावी, कारण त्या एन्झाइमची कमतरता असल्यास लाल पेशी फुटतात.

चट्टे पुन्हा येऊ शकतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार झालेल्या रुग्णात ते परतले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सीबीसी करून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. धाप लागत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर निळे डाग पडत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.