रॉकर मोडला? आधी अडकलेला वॉल्व्ह शोधा



१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत बोटी बांधून असतात, इंजिनंही बंद. मग ऑगस्ट उजाडला की सगळ्यांची एकच घाई. सेल्फ मारला की खाडकन आवाज येतो, इंजिन एका सिलिंडरवर मिस मारतं किंवा सुरूच होत नाही. वरचं कव्हर उघडलं तर रॉकर आर्म मोडलेला. नवा रॉकर बसवला जातो, आणि तोही तासाभरात मोडतो. असं का होतं आणि काय करावं, ते आज सांगतो. हे ट्रॉलरच्या आतल्या डिझेल इंजिनांबद्दल आहे. होडीच्या दोन स्ट्रोक आउटबोर्डला असे वॉल्व्ह आणि रॉकर नसतात.

काम कसं चालतं

कॅम शाफ्ट टॅपेटला उचलतो, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो. दुसरं टोक खाली येऊन वॉल्व्ह दाबतं आणि उघडतं. बंद करायचं काम स्प्रिंगचं. इंजिन मिनिटाला १८०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ९०० वेळा उघडतो नि मिटतो. जुन्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांतही हीच रचना होती. म्हणून जुन्या गाड्यांचा मेकॅनिक हे दुखणं लगेच ओळखतो.

वॉल्व्ह का अडकतो

वॉल्व्हची दांडी गाइडमध्ये सरकते. दोघांमधली फट केसाएवढी बारीक. इंजिन कुठंही थांबलं तरी कुठला ना कुठला वॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून पावसाळी खारी हवा आत जाते, कधी एक्झॉस्टमधून पाणीही शिरतं. दांडीवर गंज धरतो. शिवाय ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा इंजिन तासन् तास स्लोवर चालवलं, तर कार्बन चिकटतो.

वॉल्व्ह बंद स्थितीत अडकला तर खालून पुश रॉड ढकलतो, वरून वॉल्व्ह हलत नाही. मग पुश रॉड वाकतो नाहीतर रॉकर मोडतो. उघडा अडकला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो आणि वॉल्व्ह वाकतो. म्हणजे रॉकर मोडणं हा परिणाम आहे, मूळ दुखणं वॉल्व्हमध्ये आहे.

काय करावं

१. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. बॅटरीची वायर काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, स्टॉप लिव्हर ओढून ठेवा.

२. रॉकर कव्हर काढा. फ्लायव्हील हातानं हळू फिरवा आणि एकेक वॉल्व्ह बघा. जो खालीच राहतो किंवा हलतच नाही, तो अडकलेला. फिरवताना कडक लागलं तर जोर करू नका.

३. त्या सिलिंडरचा पिस्टन खाली आणा. दांडीच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी दांडीच्या टोकावर लाकडाच्या किंवा तांब्याच्या हातोडीनं हलके ठोके द्या. वॉल्व्ह खाली जाऊन स्प्रिंगनं झटकन वर आला पाहिजे. चार-सहा वेळा मोकळा खेळला तरच तो सुटला म्हणायचं.

४. सुटला नाही तर हेड काढावंच लागेल. गाइड साफ किंवा नवा, वाकलेला वॉल्व्ह बाद, सीटवर ग्राइंडिंग. हे काम मशीन शॉपमध्येच करून घ्या.

५. पुश रॉड काचेवर लोळवून बघा. डुगडुगला तर वाकलाय. सरळ करून परत घालू नका.

६. मोडलेल्या रॉकरला वेल्डिंग नको. त्याचे तुकडे जुळवून बघा. एखादा कमी असेल तर तो ऑइल पॅनमध्ये पडलेला असू शकतो, शोधून काढा. रॉकर शाफ्टची ऑइलची भोकं साफ आहेत का तेही तपासा.

७. शेवटी फिलर गेजनं टॅपेटचं अंतर लावा. आकडा इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या, अंदाज नको. काही तास चालवल्यावर परत तपासा.

पुढच्या बंदीआधी

बोट बांधतानाच ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलमधली आम्लं बसल्याजागी धातू खातात. एक्झॉस्टचं आणि हवेचं तोंड कापड घालून बंद करा, आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे बोळा काढायला कोणी विसरणार नाही. दर आठवड्याला स्टॉप लिव्हर ओढून इंजिन हातानं दोन-चार फेरे फिरवा. याला दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य.

हे सगळं धक्क्यावर करायचं काम आहे. शापोरा नदीच्या मुखाशी रेतीच्या बारवर लाटा फुटत असताना इंजिन बंद पडलं, तर तिथं कव्हर उघडायला वेळ मिळत नाही. बोटीवर माणसं असतात, आणि घरी त्यांची वाट बघणारीही असतात. म्हणून नारळी पौर्णिमेचा नारळ सोडून बोट बाहेर काढण्याआधी, धक्क्यालाच बांधलेली असताना इंजिन तासभर चालवून बघा.

तुमच्या इंजिन ड्रायव्हरला आणि तांडेलाला हे जरूर वाचून दाखवा.