‘स्नेक ऑइल’: बाटलीत साप नव्हताच

फसव्या औषधाला, पोकळ दाव्यालाही इंग्रजीत ‘स्नेक ऑइल’ म्हणतात. या नावाशी कायमचा चिकटलेला माणूस म्हणजे अमेरिकेतला क्लार्क स्टॅन्ली. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तो लोकांदेखत जिवंत खुळखुळ्या साप चिरायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा आणि वर तरंगलेली चरबी औषध म्हणून खपवायचा. १९०६च्या अन्न व औषध कायद्यानंतर सरकारने त्याचं तेल तपासलं. त्यात निघालं खनिज तेल, जेमतेम एक टक्का चरबी, तीही बहुधा गुरांची, आणि मिरचीचा अर्क. चोळल्यावर होणारी आग लोकांना गुण आल्यासारखी वाटत असावी. १९१६मध्ये दंड झाला अवघा २० डॉलर. दुखण्याने गांजलेल्यांना लुबाडणाऱ्याला ही शिक्षा फारच किरकोळ होती. आपल्याकडे मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.