चंद्राचा ब्रेक

जालन्यात समुद्र नाही आणि मोती तलावाला काही भरती येताना दिसत नाही. त्यामुळे भरती-ओहोटीचं पान आपण शाळेतच उलटून टाकलेलं असतं. माझ्या अलिबागच्या रूममेटचं तसं नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, भरती आली की होडी बघायची, हे त्याला लहानपणापासून पाठ. "पण आपल्याला त्याचं काय?" असं परवा मेसमध्ये कुणीतरी म्हणालं, म्हणून हा लेख.

चंद्राच्या ओढीमुळे पृथ्वीला दोन फुगवटे येतात, एक चंद्राच्या बाजूला आणि एक विरुद्ध बाजूला. ते फक्त पाण्यालाच येतात असं नाही. आपल्या पायाखालची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा साधारण फूटभर वर-खाली होते. हॉस्टेल, मेस, गेटवरची चहाची टपरी सगळं एकदमच उचललं जातं, म्हणून कळत नाही इतकंच.

आता खरी गंमत. पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते, तर चंद्राला तिच्याभोवती फिरायला २७.३ दिवस लागतात. उथळ समुद्रात पाणी तळाला घासतं, त्यामुळे फुगवटा बरोबर चंद्राखाली न राहता पृथ्वीबरोबर थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्याला मागे खेचतो. झाला ब्रेक! एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची लाईट गेली की फ्लायव्हील जसं मंदावत जातं, तसंच हे. फक्त हे फ्लायव्हील फारच जड, त्यामुळे भरतीपायी दिवस वाढतो तो शंभर वर्षांत जेमतेम २ मिलिसेकंद.

हसू नका. पोवळ्यांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा असतात. जवळपास ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरच्या अशा रेषा जॉन वेल्स यांनी मोजल्या आणि १९६३ साली सांगितलं की तेव्हा वर्षाला सुमारे ४०० दिवस होते! म्हणजे दिवस २२ तासांचा. (सबमिशनच्या आठवड्यात आपलं काय झालं असतं?)

पृथ्वीचा गेलेला अँग्युलर मोमेंटम चंद्राला मिळतो आणि तो दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे मोजलेलं आहे.

पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड, तेव्हा तिचा ब्रेक त्याहून कडक. चंद्र मंदावत मंदावत इतका आला की स्वतःभोवतीची आणि पृथ्वीभोवतीची फेरी एकाच वेळात पुरी होते. म्हणून आजीने दाखवलेला ससा रोज तोच दिसतो. 'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही' असं मात्र व्हायवात म्हणू नका! प्लूटो आणि कॅरन तर दोघंही एकमेकांकडे तोंड करून बसलेत, ६.४ दिवसांची एक फेरी.

मंगळाचा फोबोस उलटा. तो पावणेआठ तासांत मंगळाभोवती फिरतो, म्हणजे मंगळाच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा जोरात. तिथे फुगवटा मागे पडतो आणि फोबोसलाच ब्रेक लागतो. तो दर शंभर वर्षांत सुमारे २ मीटर खाली येतोय.