खाऱ्या वाऱ्यातला पहिला जोड

धावण्याचा बूट घेताना ग्राहकाची नजर वरच्या रंगीत जाळीवर आणि बाजूच्या चिन्हावर जाते. गुडघ्यांचा संबंध मात्र येतो तो पाऊल आणि जमीन यांच्यामध्ये असलेल्या मऊ थराशी, ज्याला या व्यवसायात मिडसोल म्हणतात. नव्याने धावू लागलेल्या माणसाने हजार-दोन हजार रुपयांत कोणता जोड घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या थरात सापडते, आणि वरळीसारख्या ठिकाणी, जिथे धावण्याच्या वाटेच्या एका बाजूला समुद्र आहे आणि पावसाळ्यात भरतीच्या लाटा कठड्यावरून थेट पदपथावर येतात, तिथे हे उत्तर पुण्या-नाशकापेक्षा थोडे वेगळे निघते.

धावण्याचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुमारे 2 तास 50 मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला, त्या काळी आपल्याकडचे बहुतेक धावपटू अनवाणीच सराव करत. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, 2009 मध्ये वरळीचा सागरी सेतू खुला झाला आणि वरळी सी-फेस हा या शर्यतीच्या वाटेवरचा परिचित टप्पा ठरला.

मिडसोल बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. एथिलीन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट या दोन रसायनांपासून तयार होणाऱ्या या पदार्थात वायूने भरलेल्या असंख्य बंद पेशी असतात. पाऊल पडले की त्या दबतात आणि उचलले की पुन्हा फुलतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर जमिनीवर येतो आणि नवशिक्याची किलोमीटरमागे सुमारे हजार पावले पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या पेशींवरचा भार किती अखंड असतो ते कळते. पेशींच्या भिंती हळूहळू वाकून तशाच राहतात, बाजूने पाहिल्यास थरावर आडव्या सुरकुत्या दिसू लागतात आणि वरून नवा दिसणारा बूट आतून थकलेला असतो. साधारणपणे 500 ते 800 किलोमीटरनंतर जोड बदलावा असे म्हणतात ते यामुळेच.

दुसरा फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. तो टिकाऊ म्हणून विकला जातो, आणि कोरड्या हवेत ते बव्हंशी खरेही आहे. पण त्याच्या काही प्रकारांत हवेतली वाफ रेणूंच्या साखळ्या तोडते, या क्रियेला जलविघटन म्हणतात. म्हणूनच कपाटात चार-पाच पावसाळे जपून ठेवलेल्या, जेमतेम वापरलेल्या जोडाचा सोल एके दिवशी ओल्या बिस्किटासारखा हातात तुटून येतो आणि घरातल्या माणसांना त्यात निष्काळजीपणा कुणाचा हे कळत नाही. दोष दमट हवेचा असतो. मोठ्या सवलतीत मिळणारा जुना साठा म्हणूनच संशयाने पाहावा. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. ते वाचणे हे वरळीच्या ग्राहकासाठी किंमत वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ईव्हीएला हा रोग नसतो, मात्र सोल चिकटवणारा गोंद उष्णतेने आणि ओलाव्याने सुटू शकतो, तेव्हा जोडाच्या कडेने बोट फिरवून सांधा पाहावा.

सर्वांत खालचा थर, जो जमिनीला लागतो, तो अगदी स्वस्त बुटांत नुसत्या फोमचाच असतो. तो हलका असला तरी ओल्या लादीवर सरकतो आणि काँक्रीटवर लवकर झिजतो. निदान टाचेखाली आणि चवड्याखाली रबराचे तुकडे असलेला जोड थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावा. प्रस्तुत लेखकाच्या मते जास्तीचे पैसे घालण्यासारखी ही पहिली जागा आहे. बूट हातात घेऊन वाकवला तर तो चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर तो धावण्यासाठी नव्हे.

महाग बूट पायाला अधिक सांभाळतो, या समजुतीची परीक्षा झालेली आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 40 ते 75 पौंड किमतीच्या बुटांची तुलना केली असता तळपायावरच्या दाबाच्या दृष्टीने स्वस्त व मध्यम किमतीचे जोड महागड्यांइतकेच उतरले. पाऊल आत कलते म्हणून खास आधाराचा बूट हवाच, या सल्ल्यालाही डेन्मार्कमधील 2014 च्या अभ्यासाने धक्का दिला. साधे बूट घालून धावू लागलेल्या 927 नवशिक्यांमध्ये पाऊल आत कलणाऱ्यांना दुखापती अधिक झाल्या असे आढळले नाही. दुकानात चार पावले पळून पाहताना जो जोड पायात असल्याची आठवण करून देत नाही, तो घ्यावा.

मापाचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे रुळलेले ब्रिटिश माप जवाच्या दाण्याच्या लांबीवरून, म्हणजे एक तृतीयांश इंचावरून ठरलेले आहे, आणि ते फक्त लांबी सांगते. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा चवड्यात रुंद असतो, हे सुमारे एक लाख लोकांची पावले मोजून झालेल्या सर्वेक्षणात दिसून आले आणि त्यातूनच ‘भा’ ही स्वदेशी मापपद्धती सुचवण्यात आली. ती रूढ होईपर्यंत उपाय जुनाच: पाय दिवसभरात सुजतो म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, धावण्याचेच मोजे घालून जावे, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी आणि करंगळीशी बूट चावत असेल तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये.

पावसाळ्यात भिजलेला जोड उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नये. खारे पाणी लागले असल्यास तो आधी गोड्या पाण्याने धुवावा, आतले सुटे अस्तर बाहेर काढावे आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून तो पंख्याखाली ठेवावा. कागद ओला झाला की बदलावा, आणि जुलैच्या दमट रात्रीत हे दोन-तीनदा करावे लागते.