पडदा थिजला, यंत्र जागे!

कोलकात्याच्या बऊबाजारातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरकडची कुटुंबे देशभर पांगली, त्यांतले हे एक समजा. खाली भट्टी, वर दोन खोल्या. थोरली मुलगी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रबंध उद्या सकाळी द्यायचा आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि लॅपटॉपचा पडदा एकाएकी थिजतो. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही, कोपऱ्यातले घड्याळसुद्धा ११:३२ वरच थांबलेले!

''बंद करून चालू कर की!'' जिना चढून आलेले वडील म्हणतात आणि स्वतःच बटणाकडे हात नेतात.

''थांबा अण्णा, हात लावू नका!''

मुलीचे बरोबर आहे. बटण दाबून धरून वीज तोडणे हा सर्वांत शेवटचा उपाय. संगणक प्रत्येक अक्षर लगेच डिस्कवर लिहीत नाही. बरेचसे काही काळ स्मृतीत धरून ठेवतो. वीज गेली की ते गेले. क्वचित अर्धवट लिहिलेली फाइलही बिघडते.

हा लॅपटॉप जुना आहे. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, चांदनी बाजारातून स्वस्तात आणलेला. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि तिची पुढची आवृत्ती अशा अनेक जुन्या यंत्रांवर बसत नाही. यंत्र तर धडधाकट, मग टाकून कसे द्यायचे? म्हणून पुष्कळ घरांत आता लिनक्स आले आहे. ते फुकट मिळते, आणि त्यातले मेनू मराठीत नि बंगालीतही करून घेता येतात. पण नव्या सुनेचे स्वभाव कळायला वेळ लागतो, तसेच याचेही आहे.

लिनक्स १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले. त्याचा घाट १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सचा. युनिक्स जन्मले तेव्हा चित्रांचा पडदा कोणाच्या टेबलावर नव्हताच. टंकयंत्रासारख्या यंत्रावर आज्ञा द्यायची, उत्तर कागदावर उमटायचे. खिडक्या, बाण, रंग हे सारे मागाहून आले. 'एक्स' ही खिडक्यांची व्यवस्था एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. त्यामुळे या घराण्यातील प्रणालींत चित्र काढणारा कारभार आणि खरा कारभार पुष्कळसे वेगळे राहिले. गाभ्याला, म्हणजे कर्नलला, चित्राशिवाय जगता येते. नाटकाचा पडदा अडकला म्हणून नट गेले असे होत नाही, त्यातलाच हा प्रकार!

म्हणून आधी यंत्र जिवंत आहे का, ते पाहावे. गाणे चालू होते का? पडदा थिजूनही ते वाजतच असेल, तर आत काम सुरू आहे. कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. दिवा लागला-विझला तर छानच. नाही लागला तरी आशा सोडू नये, कारण तो दिवाही बहुधा चित्राच्या कारभाराकडेच असतो. दोन मिनिटे नुसते थांबावे, हा उपाय कोणी करीत नाही, पण तो पुष्कळदा लागू पडतो. ब्राउझरमध्ये चाळीस पाने उघडी असली की स्मृती भरते आणि यंत्र डिस्कशी झटापट करीत बसते. अशा वेळी डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो.

तरीही हालचाल नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबायच्या. काही लॅपटॉपवर जोडीला एफएन ही कळही लागते. नशीब असेल तर रंगीत पडदा जाऊन काळ्यावर पांढरी अक्षरे येतात आणि यंत्र नाव विचारते. हीच ती युनिक्सची जुनी बैठक! नाव आणि परवलीचा शब्द दिला की 'टॉप' ही आज्ञा लिहायची; कोणता कार्यक्रम किती स्मृती आणि किती वेळ खातो आहे ते समोर दिसते. त्या एकालाच बंद करता येते. मग कंट्रोल-ऑल्टबरोबर एफ-१ किंवा एफ-२ दाबून आपल्या पडद्यावर परतायचे. प्रबंध जागच्या जागी! चित्राची सगळी व्यवस्थाच नव्याने सुरू करावी लागली, तर मात्र उघडे कार्यक्रम बंद पडतात. तेव्हा लिहिताना मधूनमधून साठवत जावे, हे आलेच.

काळा पडदाही आला नाही तर? मग ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून धरायच्या आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतराने आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे या क्रमाने दाबायची. कीबोर्ड परत ताब्यात घे, कार्यक्रमांना आवरते घ्यायला सांग, न ऐकणाऱ्यांना बंद कर, स्मृतीत धरलेले डिस्कवर लिही, डिस्कला कुलूप लाव, पुन्हा सुरू हो, असा त्याचा अर्थ. उबुंटूसारख्या काही प्रकारांत पहिली तीन अक्षरे सुरक्षेसाठी बंद असतात, पण नंतरची तीन चालतात, आणि डिस्क वाचवायला तीच महत्त्वाची. न साठवलेला मजकूर मात्र यातही जातो.

यंत्र पुन्हा सुरू झाले की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकून विसरून जातात. इथेच चुकते. पडदा गोठण्यापूर्वी काय घडले याची नोंद कर्नल ठेवत असतो, आणि 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मागच्या खेपेची नोंदही बहुधा वाचता येते. तिच्या शेवटच्या ओळींत 'जीपीयू हँग' असे शब्द आणि जवळपास आय-९१५, एएमडीजीपीयू किंवा नूव्हो यांपैकी नाव दिसले, तर संशय चित्र काढणाऱ्या चिपवर किंवा तिच्या चालकावर, ड्रायव्हरवर जातो. ही तीन नावे अनुक्रमे इंटेल, एएमडी आणि एनव्हिडियाच्या चिपांसाठी असलेल्या चालकांची. कालच प्रणाली अद्ययावत केली आणि आज हा त्रास सुरू झाला असेल, तर यंत्र सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून चार दिवस काम करून पाहावे.

इंटेलच्या काही लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते. वीज वाचावी म्हणून, चित्र बदलत नसेल तेव्हा पडदा शेवटचे चित्र स्वतःच धरून ठेवतो आणि चिप विश्रांती घेते. याला 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' म्हणतात. चिप पुन्हा कामाला लागली तरी क्वचित पडद्याला ते कळत नाही आणि तो जुनेच चित्र दाखवत बसतो! ही सोय बंद करता येते. बॅटरी थोडी कमी पुरते इतकेच.

आता खर्चाची बाब. गणेशचंद्र अव्हेन्यूलगतच्या चांदनीच्या गल्ल्यांत लॅपटॉप दुरुस्त करणारे कितीतरी हात आहेत, त्यांतले अनेक निष्णात. पण ''पडदा अडकतो'' एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ''मदरबोर्ड गेला'' हे उत्तर कुठेही मिळू शकते, आणि जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड म्हणजे किमतीचा मोठा भाग. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच एक परीक्षा घ्यावी. पेनड्राइव्हवर लिनक्सची दुसरी ताजी प्रत घालून तिच्यावर यंत्र तास-दोन तास चालवावे. काहीच अडले नाही, तर दोष बहुधा आपल्या प्रणालीत आहे, यंत्रात नाही. तिथेही पडदा थिजला, किंवा प्रणाली सुरू होण्याआधीच्या बायोसच्या निळ्या-करड्या पानावरही थिजला, तर मात्र यंत्र उघडायला हवे.

उघडल्यावरही पहिला मान मदरबोर्डचा नाही. कोलकात्याच्या दमट उकाड्यात, त्यातून खाली भट्टी असलेल्या घरात, पंख्याच्या जाळीत धूळ चिकटून गादीसारखी बसते. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप काही वर्षांत वाळतो. मग दुपारी दोनला अडणारा लॅपटॉप पहाटे मुकाट चालतो. पंखा साफ करणे, लेप बदलणे, स्मृतीची पट्टी काढून पुन्हा नीट बसवणे, ही कामे मदरबोर्डच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाची. स्मृतीच्या पट्टीतच दोष असेल तर 'मेमटेस्ट' रात्रभर चालवून तो कळतो.

या शहराला ही शिस्त नवी नाही. बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली देशातला पहिला अंकीय संगणक, एचईसी-२एम, सुरू झाला. तो इंग्लंडहून आला होता. पण तो बसवायचा आणि सांभाळायचा कसा, हे शिकायला संस्थेचे अभियंते आधी तिकडे गेले होते.

आपल्या गोष्टीतल्या मुलीने तिसऱ्या प्रयत्नात काळा पडदा मिळवला, ब्राउझर बंद केला आणि प्रबंध साठवला. अण्णा तोवर उश्याशी उभेच. घड्याळ पुन्हा चालू लागलेले पाहून त्यांनी विचारले, ''मग आता चांदनीला जायाचं का नको?''

''जायचं, पण पंखा साफ करायला,'' ती म्हणाली. ''आणि नोंदीतल्या ह्या चार ओळी कागदावर लिहून नेऊ. कधी अडला, काय चालू होतं, सगळं लिहिते.''